राणीच्या बागेंतील गारवा

गेल्या वैशाखांत माळेगाव बुद्रुकाहून मुंबईस मेव्हण्यांकडे उतरलों असतां सहकुटुंब राणीची बाग पाहण्याचा योग आला. १८६२ सालच्या या उद्यानांत घारापुरीचा पाषाणगज आहे. १८६४ मध्यें विलायतेस नेतांना तो भंगला, १९१४ सालीं येथें जोडून उभारला. मुलांपुढें मीं व्याख्यान आरंभलें. वळून पाहतों तों श्रोते पेंग्विनांकडे पसार!

काळा अंगरखा, शुभ्र पोट. जणूं पंगतीस निघालेले शास्त्रीबोवाच! पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पाहुणे २०१६ सालीं मुंबईस आले. त्यांच्यासाठीं राखलेला गारवा अनुभवून आमचें कुटुंब उद्गारलें, "आणि आपल्या स्वयंपाकघराला चाळीस वर्षें साधा पंखा नाहीं!"

व्याख्यात्यास उत्तर सुचेना. परततांना पहिली खरेदी पंख्याचीच झाली.