झाकणाचा डबा

उसन्या गोष्टींविषयी माझ्या मनात पूर्वीपासून एक अढी आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधात गाइडातले ठरीव वाक्य आढळले की माझी तांबडी पेन्सिल आपोआप उठते. म्हणून माझ्या भाच्याने आपल्या आजीसाठी छायाचित्रे जपून ठेवण्याचे एक लहानसे ॲप रचावयास घेतले आणि त्यातील सारी चिन्हे तयार संग्रहातून उचलली असे कळले, तेव्हा मी त्याचे कान उपटावयाचे ठरविले.

तो हसून म्हणाला, "मामा, ही चोरी नव्हे. ती सगळ्यांसाठीच ठेवलेली असतात."

त्याचे म्हणणे खरे होते. गूगलने २०१४ साली आपली शेकडो चिन्हे सर्वांना खुली करून दिली. ही चालही काही नवी नव्हे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९७४ साली विमानतळ-स्थानकांसाठी ३४ चिन्हे करवून घेतली, १९७९ साली त्यांत आणखी १६ ची भर घातली, आणि ती कोणीही विनामूल्य वापरावीत अशी मोकळीक ठेवली. त्याहीपूर्वी व्हिएन्नात ओटो नॉयराट आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांनी चित्रांचीच एक भाषा घडवावयाचा उद्योग आरंभिला होता. गावोगावच्या माणसाला ती ती बोली न शिकताही अर्थ कळावा, ही त्या सर्वांमागची दृष्टी.

"प्रत्येकाने शोधासाठी भिंग सोडून आपापले निराळे चित्र काढले, तर माणसाने रोज नवी बाराखडी गिरवायची का?" भाच्याने विचारले.

मी निरुत्तर झालो. आमच्या उंबरठ्यावर आई दर दिवाळीला लक्ष्मीची पावले काढते. ती तिने शोधून काढलेली नाहीत. तिच्या आईकडून घेतली, आणि तिच्या आईने तिच्या आईकडून. उद्या तिने स्वतःच्या प्रतिभेने नवीच पावले काढली, तर ती कोणाची हेच शेजारणींना कळावयाचे नाही. उसनेपणा हाच चिन्हाचा गुण, असे मनाशी कबूल करून मी तांबडी पेन्सिल म्यान केली.

ॲप आईच्या हाती आले. पंधरवड्याच्या आतच त्यातून वडिलांचे एक छायाचित्र नाहीसे झाले. ते जाण्यापूर्वीच्या गणपतीत, दारात उभे असताना, आईने स्वतःच्या हाताने काढलेले ते एकच चित्र होते. आम्ही शोधाशोध करू लागलो, तर ती शांतपणे म्हणाली, "हरवेल कशाला? मी ते डब्यात ठेवलंय. झाकण आहे त्याला."

मी पडद्याकडे पाहिले. खरोखरच तेथे उभ्या रेघांचा, झाकणाचा एक डबा होता.

अमेरिकेत पूर्वी घराबाहेर पत्र्याचा असा पिंप कचऱ्यासाठी असे. १९८४ साली मॅकिंटॉश संगणक आला, सुझन केअर हिने त्याची चिन्हे रेखाटली, आणि त्याच्या पडद्यावरही तो कचऱ्याचा डबा होता. पुढे तो जगभर गेला. परंतु माझ्या आईच्या स्वयंपाकघरात केराला झाकण नसते. केराची टोपली उघडी असते. झाकणाच्या डब्यात गहू असतात, लाडू असतात, आणि गव्हांच्या तळाशी कधी चार नोटांची घडीही असते. आईने ते चिन्ह चुकीचे वाचले नव्हते. तिने ते तिच्या घराच्या लिपीत अचूक वाचले होते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी मतदारांपुढे बैलजोडी, झोपडी, झाड अशी चिन्हे ठेवली गेली. तीही तयारच होती. पण ती मतदाराच्याच अंगणातून उचललेली होती. तयार चिन्ह घ्यावे, खुशाल घ्यावे; मात्र ते कोणाच्या घरी तयार झाले आणि कोणाच्या घरी चालले आहे, एवढे विचारून घ्यावे. मी भाच्याला ते चोरीचे आहे का, एवढेच विचारले होते. हा दुसरा प्रश्न आम्हां दोघांनाही सुचला नव्हता.

ते छायाचित्र परत मिळाले नाही. त्याची दुसरी प्रत नव्हती, आणि भाच्याने घाईत त्या डब्याला तळच ठेवला नव्हता. आत पडले ते गेले. पोर तीन दिवस आजीसमोर आले नाही. चौथ्या दिवशी आले ते सुधारलेले ॲप घेऊन. डबा त्याने बदलला नव्हता, कारण आजीला उद्या दुसऱ्यांचेही फोन हाताळावे लागतील. पण त्याखाली आता ठळक मराठीत 'काढून टाका' असे लिहिले होते, आणि टाकलेले चित्र तीस दिवस परत मिळण्याची सोय केली होती.

आईने चष्मा लावून ती अक्षरे वाचली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढंच आधी लिहायचं होतंस रे बाळा. मला वाचता येतं की."