दहा टक्के

जानेवारीत आम्ही पैज लावली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. सांगलीत इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. नंतर हिंजवडीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या आणि वाकडला भाड्याचा टू बीएचके घेतला. पैज वजनाची होती. मेअखेर ज्याचं जास्त कमी होईल त्याला दुसऱ्याने कोल्हापूरला नेऊन पोटभर मटण खायला घालायचं. वजन उतरवल्याचं बक्षीस मटण, यातला विनोद आम्हाला तेव्हाही कळत होता.

मी ९१ किलो, तो ८४. माझी पद्धत मोजायची. एक एक्सेल शीट केली होती, त्यात दिवसाचे शब्द, दिवसाच्या कॅलरी आणि दर रविवारचं वजन. शब्द अशासाठी की मी लिहितो. पहाटे साडेपाच ते सात, रोज ५०० शब्द. कॅलरी १६००. आकडा गाठला की चौकोन हिरवा व्हायचा, चुकला की लाल. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग सोडवणाऱ्या माणसाला असा हिरवा चौकोन किती सुख देतो, ते बाहेरच्याला समजावणं अवघड आहे.

मित्राची पद्धत डॉ. दीक्षितांची. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत. माझी आई ऋजुता दिवेकरांच्या पक्षातली, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतींत या दोन पक्षांची कशी जुंपायची, ते आठवत असेल. पैज रंगावी म्हणून मी शीटमध्ये त्याच्या वजनाचाही एक रकाना केला.

मार्चमध्ये तो ७९ वर आला, मी ८९. एप्रिलअखेर तो ७६, मी ८८. लोक त्याला लिफ्टमध्ये थांबवून विचारायचे, काय केलंस? तो फोनवर दोन वेळचं जेवण समजावून सांगायचा आणि मी शेजारी बसून उकडलेले मूग चावत असायचो. जळत होतो. एका रविवारी काट्यावर उभं राहताना मी हातातलं घड्याळ काढून ठेवलं, इतका.

रात्री त्याला घाम यायचा. सकाळी बाल्कनीत त्याची चादर वाळत असायची. मे महिना होता, मी म्हटलं पंख्याचा कपॅसिटर बदलायला हवा. अंग खाजतं म्हणायचा, मी साबण बदल म्हटलं. संध्याकाळी कणकण असायची. ३१ मेला तो ७३ भरला. दाढी करताना कॉलरबोनच्या वर त्याच्या हाताला गाठ लागली ती त्याच आठवड्यात.

बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा निघाला. डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते. रात्री कपडे भिजण्याइतका घाम येतो का? ताप? गेल्या सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त कमी झालंय का? मित्राने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, "याच्याकडे शीट आहे."

मी फोनवर ती उघडून दिली. २१ रविवारांचे आकडे, एकही चुकलेला नाही. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, पेशंट एवढं व्यवस्थित कधी लिहून ठेवत नाहीत. ८४ चे ७३ म्हणजे तेरा टक्के. आजाराच्या टप्प्यापुढे त्यांनी 'बी' असं एक अक्षर लिहिलं. ताप, घाम आणि उतरलेलं वजन, या तिन्हींतलं काहीही असलं तरी हे अक्षर लागतं. त्याच्याकडे तिन्ही होती, आणि तिन्ही मी पाहिलेली होती.

डाएटमुळे हे झालेलं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पण डाएटमुळे ते झाकलं गेलं, हे आम्हा दोघांना न सांगता कळलं होतं.

केमोचे बारा डोस ठरले, दर पंधरा दिवसांनी एक. डोस वजनावर आणि उंचीवर ठरतो. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १९८७ मध्ये मोस्टेलर नावाच्या माणसाने ही सोपी रीत मांडली. त्यातून शरीराचं क्षेत्रफळ निघतं. १७६ सेंटिमीटर आणि ७२ किलो म्हणजे १.८८ चौरस मीटर. एका माणसाचं क्षेत्रफळ. चार औषधांतलं एक लालभडक असतं, ते चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, म्हणजे ४७. हे मी स्वतः करून पाहिलं आणि नर्सच्या कागदाशी ताडून पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. डे-केअरमध्ये माझ्यासारखे नातेवाईक तिला रोज भेटत असणार.

तासगावहून त्याची आई आली आणि स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात गेलं. त्याला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही. काकू फोडणीआधी हाक मारायच्या, मग तो बाल्कनीत जाऊन दार लावून घ्यायचा. तोंडाला सगळं लोखंडासारखं लागतं म्हणायचा. कच्चं बंद होतं, त्यामुळे कोशिंबीर नाही. बाहेरचं तर नाहीच. काकू शाळूची भाकरी, पिठलं, मुगाची आमटी असं सगळं करायच्या. तो मऊ भाताचे चार घास खाऊन उठायचा, आणि उरलेलं माझ्या ताटात यायचं. "तू तरी खा." या तीन शब्दांना नाही म्हणायची सोय नव्हती.

माझं डाएट चालूच होतं, हे लिहायला लाज वाटते. ते का सोडलं नाही याचं कारण मी बरेच दिवस शोधत होतो. शिस्त वगैरे काही नव्हतं. घरात माझ्या हातात असलेली ती एकच गोष्ट उरली होती, एवढंच. ॲपमध्ये रोटी होती, शाळूची भाकरी नव्हती. म्हणून एका रात्री मी भाकरी किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवली. काकूंनी पाहिलं. बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याची भाकरी पातळ आणि लहान यायला लागली. घरात एक पोरगं खात नाही आणि दुसरं मोजून खातं. त्या बाईने दोघांना आपापल्या मापाचं करून घातलं. चौथ्या दिवशी मी काटा फडताळात मागे ढकलला आणि दुसरी भाकरी मागून घेतली. शीटमधला कॅलरीचा रकाना त्या तारखेनंतर रिकामा आहे.

शब्दांचा मात्र भरत होता. पहाटे साडेपाचला मी त्याच्याबद्दल लिहीत होतो. ४२०० शब्द झाले होते. त्याला माहीत नव्हतं.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. कराडला आमचं किराणा दुकान होतं. ते बंद झालं त्यावर मी दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. उधारी, पेठेत आलेलं सुपरमार्केट, आणि एका दुपारी पोत्यांच्या आडोशाला बाबा रडत होते तो प्रसंग. लेख लोकांना आवडला. मामाने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी मला फोनवर एवढंच विचारलं, "आमचं घर म्हणजे तुला विषय वाटला होय रे?" त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत. मी कराडला गेलो की त्यांना नेमकं मागच्या दाराशी काहीतरी काम निघायचं. असे एकवीस महिने गेले.

ऑगस्टमध्ये त्यांचा स्वतःचा फोन आला. मित्राचं आईकडून कळलं होतं. कॉलेजात असताना तो शनिवारी माझ्याबरोबर घरी यायचा आणि दुकानात बसायचा. बाबांनी त्याला कागदाच्या पुड्या बांधायला शिकवल्या होत्या. मला त्या कधी जमल्या नाहीत, शेंगदाणे खालून गळायचे. बाबांनी आजाराचं सगळं विचारून घेतलं. कुठला दवाखाना, किती डोस, पैशाचं काय. मग जरा थांबून म्हणाले, "त्याच्यावर लिहितोयस का?"

मी गप्प.

"विचारलंयस का त्याला?"

त्या रात्री मी मित्राला मजकूर पाठवला. दोन दिवस तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाल्कनीत बसल्या बसल्या, आत फोडणी चालू असताना, म्हणाला, "लेका, यात तू लई चांगला दिसतोस."

मला आधी कळलं नाही. मग त्याने फोन काढून दाखवलं. रात्री उठून ताप बघणारा मी, सुट्ट्या टाकणारा मी, औषधांचं वेळापत्रक करणारा मी. "माझ्यावर जळत होतास ते कुठाय? घड्याळ काढून काट्यावर चढलास ते कुठाय? चादरी तुला दिसत नव्हत्या काय?" तो चिडलेला नव्हता. कोड रिव्ह्यू करावा तसा ओळीवर बोट ठेवून सांगत होता.

मी तो सगळा मजकूर काढून टाकला. आणि जुना लेख पुन्हा उघडला. त्यातही मी चांगलाच दिसत होतो, बापाचं दुःख समजणारा हळवा मुलगा. बाबा पोत्यांमागे रडले त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी माझ्याकडे चाळीस हजार मागितले होते, आणि मी म्हटलं होतं, बोनस होऊ दे. ते लेखात नव्हतं. मामाला माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. बाबांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. जगाला त्यांचं रडणं मी सांगितलं आणि माझं 'बोनस होऊ दे' त्यांनी झाकून ठेवलं.

सहाव्या डोसच्या आदल्या दिवशी बाबा एसटीने पुण्याला आले. पिशवीत शाळूचं पीठ, घेवडा आणि काकवीची बाटली. दुसऱ्या दिवशी डे-केअरमध्ये ते मित्राच्या उशाशी चार तास बसले. लाल औषध, मग बाकीची, शेवटी उजेड चालत नाही म्हणून झाकून ठेवलेली पिशवी. चौथं औषध तोवर बंद झालं होतं, कारण दोन महिन्यांनंतरचा स्कॅन चांगला आला होता. बाबा जुन्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगत होते. मित्र हसला की सलाइनची नळी हलायची.

रात्री स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी चाळीस हजारांचं बोललो. लेखात घालायला हवं होतं म्हटलं. ते फडताळात साखरेचा डबा शोधत होते. मागून डिजिटल काटा निघाला. तो त्यांनी उलटा करून बघितला, सुलटा केला, त्यावर मूठभर पीठ ठेवलं, आकडा बघितला.

"शिक्का मारून घेतलायस का याला?" म्हणाले. वजनमापेवाल्यांचा शिक्का. एकवीस महिन्यांनंतरचा त्यांचा पहिला विनोद. साखर सापडल्यावर म्हणाले, "तेव्हा होते कुठं तुझ्याकडं?" होते माझ्याकडे. तेही त्यांना सांगितलं. ते चहा गाळत होते, गाळत राहिले.

बारावा डोस डिसेंबरात झाला. शेवटचा स्कॅन सहा आठवडे थांबून करतात. मित्राच्या तोंडाला आता चव आली आहे, भुवया परत येत आहेत, वजन ७८ आहे. मी ८६. पैज कोण जिंकलं यावर एकमत नाही. हा लेख स्कॅननंतर देऊ म्हटलं तर तो नको म्हणाला. निकाल चांगला आला तर तू शेवट गोड करशील, आणि वाईट आला तर विचारूच नकोस. आत्ता दे. नाव घालायचं नाही, टोपणनावही नाही, आणि वजनं खरी लिहायची. वजनं खरी आहेत.

बाबांना फोनवर हा पूर्ण वाचून दाखवला. चाळीस हजारांच्या जागी ते खाकरले, पुढं वाच म्हणाले.

स्कॅन येत्या गुरुवारी आहे. ते बुधवारी रात्रीच्या गाडीने येणार आहेत. पीठ आणू का, विचारत होते. मी म्हटलं, दोन किलो आणा.

"पाच आणतो," म्हणाले.