पिशवीतले बी आणि विश्वासाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भाताच्या बियाण्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पैसे मोजल्यावर तीन महिन्यांनी ज्याची पारख होते, असा माल बाजारात बियाण्यावाचून दुसरा कोणता?

आमचे गाव मये. एका पावसाळ्यात काकांनी संकरित भाताची पिशवी आणली. भात निसवले तेव्हा काही रोपे आधीच फुलोऱ्यावर, तर काही खुरटी. दुकानदार म्हणाला, “जमिनीचा दोष.” काकांपाशी पुरावा नव्हता. त्या वर्षीच्या जमाखर्चात तूट तेवढी राहिली.

भाताच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. म्हणून संकरासाठी जिचा पराग वांझ आहे अशी माता लागते. कर्जतचे ‘सह्याद्री’ (१९९८) आणि मंड्याचे ‘केआरएच-२’ (१९९६) या दोन्ही वाणांची माता एकच, ‘आयआर ५८०२५ ए’. आपल्या अंकाच्या मराठी आणि कानडी विभागांसारखीच ही एका आईची लेकरे! या मातेवर परका पराग पडला की बियाण्यात भेसळ झालीच.

प्रमाणित संकरित भाताची शुद्धता किमान ९५ टक्के असावी लागते. ती तपासण्याची जुनी रीत म्हणजे नमुना शेतात पेरून फुलोऱ्याची वाट पाहणे. तोवर माल गोदामात, भांडवल अडकलेले आणि व्याज चालू.

यावर डीएनएमधील खुणांचा उपाय निघाला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली संकरित भाताच्या शुद्धतेसाठी अशा खुणांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. कोवळ्या पानातून डीएनए काढतात. आईची व बापाची खूण वेगळी असेल, तर खऱ्या संकरितात दोघांच्याही रेषा उमटतात. एकच रेषा दिसली, तर ते रोप संकरित नव्हे. निकाल काही दिवसांत मिळतो. संततीची वांझ परागशक्ती परत आणणारा बाप कोणता, हेही अशा खुणांनी रोपवयातच ओळखता येते. पूर्वी त्यासाठी प्रत्येकाचा संकर करून पाहावा लागे.

वाचलेला हंगाम उत्पादकाच्या खाती जमा होतो. शेतकऱ्याच्या खाती काय? संकरिताचे बी राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून तो दरवर्षीचे गिऱ्हाईक. आता त्याच्या कुणग्यातले एक पानसुद्धा साक्ष देऊ शकते. व्यापाऱ्याच्या वह्यांना लेखापरीक्षक असतो. तसा या पानालाही परीक्षक तालुक्याच्या गावी मिळाला, तर “जमिनीचा दोष” म्हणणे इतके सोपे राहणार नाही.