गळ्यातलं कुंपण

लंडनच्या सेंट्रल लाइनचं पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन म्हणजे एपिंग. इलफर्ड, न्यूबरी पार्क या भागात आपल्याकडचे बरेच आयटीवाले राहतात, मीही तिथेच भाड्याने राहते. वीकेंडला चालायला जायचं तर आम्हाला सगळ्यात सोयीचं रान एपिंग फॉरेस्टचं. सुमारे २,४०० हेक्टरवर पसरलेलं जुनं जंगल आहे. आत सायकलवाले असतात, घोडेस्वार असतात, बाबागाड्या ढकलणारे आईबाप असतात आणि गायीही असतात.

या गायी इंग्लिश लाँगहॉर्न जातीच्या. तपकिरी अंग, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा आणि गालांच्या बाजूने खाली वळलेली लांबच लांब शिंगं. अठराव्या शतकात लेस्टरशरच्या रॉबर्ट बेकवेलने ज्या जनावरांवर पैदाशीचे प्रयोग केले त्यांतलीच ही जात. नव्या माणसाला पहिल्यांदा शिंगंच दिसतात. मग लक्षात येतं, की आजूबाजूला ना गुराखी आहे ना तार. गळ्यात फक्त एक कॉलर.

कुंपण नसण्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या जमीनदारांनी जंगलाचे तुकडे पाडून त्यांना कुंपणं घालायला सुरुवात केली. आसपासच्या गावकऱ्यांना इथे गुरं चारायचा पिढीजात हक्क होता, लाकूडफाट्यावरही काहींचा हक्क होता. भांडण कोर्टात गेलं. शेवटी १८७८ साली एपिंग फॉरेस्टचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने हे रान सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या ताब्यात आलं आणि ते लोकांसाठी मोकळं, कुंपणाशिवाय ठेवायचं असं ठरलं. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्वतः इथे येऊन गेली. चराईचा हक्क राहिला. १९९६ च्या बीएसई संकटापर्यंत, म्हणजे 'मॅड काऊ'च्या साथीपर्यंत, गुरं इथे मोकळी हिंडायची. मग ती गेली, आणि काही वर्षांनी लाँगहॉर्नच्या रूपाने परत आली.

त्यांना परत आणलं ते कामासाठी. चरणारं जनावर नसेल तर मोकळ्या गवताळ जागेत बर्चची रोपं माजतात. काही वर्षांत माळ संपतो, त्यावरची रानफुलं आणि फुलपाखरंही जातात. मशिनने सरसकट गवत कापता येतं, पण गाय इथे ओरबाडते, तिथे सोडते, चिखल तुडवते, शेण टाकते. त्या असमानपणातच बाकीच्या जिवांना जागा मिळते.

आता त्या कॉलरबद्दल. माझा पेशा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे गायीपेक्षा आधी मला त्या कॉलरचं कौतुक. नोफेन्स नावाच्या नॉर्वेच्या कंपनीची ही सिस्टिम आहे. ॲपमध्ये नकाशावर बोटाने हद्द आखायची. कॉलरला जीपीएस, मोबाइल नेटवर्क आणि छोटे सोलर पॅनल असतात. गाय हद्दीजवळ आली की कॉलर सूर वाजवते, आणि ती पुढे जात राहिली तर सूर चढत जातो. तरीही वळली नाही, तर शेवटी विजेचा हलका झटका बसतो. थोड्याच दिवसांत जनावर शिकतं आणि नुसत्या सुरावर मागे फिरतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गाय हद्द ओलांडून गेलीच, तर परत आत येताना तिला झटका बसत नाही. परतीची वाट नेहमी मोकळी. ज्याने हे डिझाइन केलं त्याला गुरं कळत असणार.

पण या सिस्टिममध्ये एक पोकळी आहे, आणि ती मला कोड वाचून नाही, अण्णांमुळे कळली.

माझे वडील आटपाडी तालुक्यातले. आमच्याकडे खिलार. पांढरीशुभ्र, चपळ, उभ्या शिंगांची आणि परक्या माणसाला जवळ न करणारी. खरसुंडीच्या यात्रेत अण्णांनी लहानपणापासून खिलारं पाहिलेली. मागच्या उन्हाळ्यात ते दोन महिने माझ्याकडे होते. त्यांना या रानात नेलं. वाटेवरच पाच-सहा लाँगहॉर्न बसलेल्या. पुढे चाललेले लोक त्यांच्या मधूनच सरळ जात होते. एक भारतीय कुटुंब थांबलं, हात जोडले, मग पोराला गायीच्या शेजारी उभं करून फोटो काढायला लागलं.

अण्णा वाट सोडून चांगले पंधरा-वीस पावलं लांबून गवतातून निघाले. म्हणाले, "अगं, जनावराला वाट द्यायची असती, मागायची नसती."

मला वाटतं, इंग्लिश माणसाला गाय म्हणजे देखाव्याचा भाग वाटते आणि आपल्याला आई वाटते. दोघंही निर्धास्त. गायीला काय वाटतंय हे कुणीच विचारत नाही.

त्याच दिवशी पुढे एका बाईचा कुत्रा साखळीतून सुटून गुरांत घुसला. भुंकायला लागला तशा दोन गायी उठल्या, माना खाली घालून त्याच्यामागे वळल्या. बाई कुत्र्याला पकडायला आत धावली. अण्णा मराठीतच ओरडले, "आत जाऊ नका! कुत्रं सोडा!" मी इंग्रजीत ओरडले. ती थबकली. कुत्रा गोल फिरून झाडीत पळाला आणि गायी काही पावलं जाऊन थांबल्या. पाच मिनिटांनी तो आपणहून बाईकडे आला. तिचे हात थरथरत होते.

इंग्लंडमध्ये हाच सल्ला अधिकृतपणे दिला जातो. एरवी कुत्रा आखूड साखळीवर ठेवा, पण गुरं अंगावर आली तर त्याला सोडून द्या. कारण गायीच्या लेखी कुत्रा म्हणजे शिकारी. ती त्याच्यामागे जाते आणि तो मालकाच्या पायाशी पळत येतो. गाय मग मालकापर्यंत पोचते. कुत्रा गायीपेक्षा वेगाने पळू शकतो, आपण नाही. गुरांमुळे इथे दरवर्षी काही माणसं मरतात. त्यांत बहुतेक शेतावर काम करणारे असतात, पण चालणारेही असतात. चालणाऱ्यांच्या बाबतीत कुत्रा किंवा लहान वासरू हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. बैलांसाठी तर १९८१ पासून कायदाच आहे. सार्वजनिक पायवाट जाणाऱ्या शेतात दुधाळ जातींचा दहा महिन्यांवरचा वळू मोकळा ठेवता येत नाही.

त्या पाच मिनिटांत कॉलर एकदाही वाजली नाही. वाजायचं कारणच नव्हतं. गायी आपल्या हद्दीत होत्या, सिस्टिम व्यवस्थित चालू होती. कॉलरला गाय कुठे आहे ते कळतं, तिच्यासमोर कोण उभं आहे ते कळत नाही.

घरी येताना ट्रेनमध्ये अण्णा त्यांच्या लहानपणीच्या गुराख्याबद्दल सांगत होते. सकाळी गावची गुरं घेऊन तो गायरानात जायचा, दिवेलागणीला परत आणायचा. गुरं वळवणं हे त्याचं अर्धंच काम. वाटेने कुणी आलं की लांबूनच हाळी द्यायचा, "ओ पाहुणं, डावीकडनं जावा, ती तांबडी मारकी हाय." कोणती गाय नुकती व्यालीय, कोणती कुत्र्याला बुजते, हे त्याला पाठ. तो दोन्हीकडे बोलायचा, गुरांशी आणि माणसांशी. कॉलर फक्त गायीशी बोलते.

आता आमच्या गावात राखणीला कुणी नाही, आणि गायरानही बरंचसं कागदावरच उरलंय. त्यामुळे "आपल्याकडे सगळं होतं" असा सूर मी लावणार नाही. इथे निदान रान वाचलंय आणि त्यात गुरंही आहेत. गायीला तिचा अर्धा नियम शिकवायची सोयही झालीय. माणसाचा अर्धा कुठल्याच ॲपमधून लोड होत नाही. तो अगदी साधा आहे. थोडं लांबून जायचं. गाय आणि वासराच्या मधून जायचं नाही. कुत्रा साखळीवर ठेवायचा. गुरं मागे आली तर पळायचं नाही, शांतपणे बाजूला व्हायचं. फोटो लांबूनही चांगला येतो.

या कामाला फार तर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. अण्णा परत गेल्यापासून मित्रमैत्रिणींना घेऊन रानात गेले, की हाळी देण्याचं काम मीच करते. सुरुवातीला सगळे हसतात. मग समोर ती शिंगं दिसतात, आणि निमूट गवतात उतरतात.