एका सम्राटाचं भाषण, दोनदा

पुणे, १२ ऑगस्ट

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. ग्रीस-रोमच्या इतिहासाला प्रवेश मिळाला, फार आनंद झाला. पण शेवटी तू विचारलेला प्रश्न मला त्याहून आवडला: ज्यावर दोन हजार वर्षं लिहिलं गेलंय, त्यात आता शोधायचं काय राहिलं?

उत्तरादाखल एकच प्रकरण सांगते. इ. स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने रोमच्या सिनेटपुढे भाषण केलं. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये येऊ द्यावं, हा त्याचा आग्रह. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे भाषण आपल्या 'ॲनल्स' या ग्रंथात दिलंय: आटोपशीर, मुद्देसूद, धारदार. तेवढंच हाती असतं, तर क्लॉडियस पट्टीचा वक्ता होता, असंच आपण मानलं असतं. पण १५२८ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात ब्राँझचा पत्रा सापडला आणि त्यावर तेच भाषण कोरलेलं निघालं. वरचा भाग हरवलाय. पण उरलेल्या मजकुरात सम्राट रोमच्या जुन्या राजांच्या कथांत रमतो, सर्व्हियस टुलियस राजाला एट्रुस्कन लोक मस्तार्ना म्हणत असं सांगत बसतो आणि मध्येच स्वतःलाच हाक मारून मुद्द्यावर यायला बजावतो.

आता दोन्ही शेजारी ठेव. टॅसिटस खोटं बोलला का? त्या काळी इतिहासकाराने भाषण आपल्या शब्दांत रचणं शिष्टसंमत होतं. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने तर आपल्या ग्रंथात तसं उघड सांगूनच ठेवलंय. मग टॅसिटसने काय गाळलं, आणि का? लिआँकरांनी हे भाषण धातूत कोरून घेतलं, त्यात त्यांचा मान कोणता? क्लॉडियसचा जन्म त्यांच्याच गावचा, हे इथे किती मोलाचं? आणि सर्वांत अवघड प्रश्न: ज्या भाषणांचा असा पत्रा सापडलेला नाही, त्यांवर भरवसा किती ठेवायचा? सोनू, हे प्रश्न जुने होत नाहीत. तुला दर आठवड्याला निबंध लिहायला लावतील, दहा ओळींचा उतारा देऊन त्यावर टिपण मागतील, ते हेच शिकवायला.

ज्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही, त्यांच्याकडेही कान दे. कार्थेज या शहराचा इतिहास आपल्याला बहुतांशी त्याच्या शत्रूंनी, म्हणजे रोमनांनी, आणि त्यांच्या बाजूच्या ग्रीकांनी सांगितलाय. बायकांचा आवाज तर फारच क्वचित येतो. म्हणून उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन छावणीत सापडलेल्या लाकडी पट्ट्या मला अमोल वाटतात. इ. स. १००च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेराने सुल्पिसिया लेपिडिनाला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. एका स्त्रीने लिहिलेल्या लॅटिनचा इतका जुना नमुना क्वचितच सापडतो.

वर्गातले सोबती तुला भारताविषयी विचारतील. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) दान दिलेले खांब आहेत, हे जरूर सांग. पण त्या दात्यांची नावं भारतीय वळणाची आहेत, हेही त्याच दमात सांग. ते जन्माने ग्रीक होते, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. आपल्या अभिमानाला सोयीचा पुरावा आला, की तो दुप्पट तपासायचा.

ग्रीक किंवा लॅटिन, एक भाषा पहिल्या वर्षापासूनच धर. अनुवादकाने अनेक निर्णय तुझ्यावतीने आधीच घेतलेले असतात. ते तुझे तुला घेता यायला हवेत. विभक्त्या पाठ करताना जीव मेटाकुटीला येईल, तरी सोडू नकोस.

आणि निबंधात कधी 'पुरावा इथवरच जातो' असं लिहून थांबावं लागलं, तर त्यात कमीपणा मानू नकोस. हे वाक्य योग्य जागी लिहिता येणं, हेच या शिक्षणाचं फळ आहे. पुढे वकील हो, पत्रकार हो की आणखी कुणी, ते तुला सचोटीने बोलायला शिकवेल.

तुझी,
मावशी