डोक्यावरचं बुडीत खातं

टक्कल असणं आणि टक्कल पडत असणं यांत फार फरक आहे. पहिला खटला निकाली निघालेला असतो. दुसऱ्याच्या अजून तारखा पडत असतात. मी निकाली निघालेल्यांपैकी. पस्तिसाव्या वर्षीच ते खातं बुडीत धरलं आणि बँकेच्या ग्रूप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायला शिकलो. पण आमच्या चिरंजीवांचं वय एकवीस, आणि त्यांच्या तारखा नुकत्याच सुरू झाल्या आहेत.

हल्ली ते न्हाणीघरातून बाहेर येतात ते मूठ मिटून. मूठ उघडून दाखवत नाहीत. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला गेले नाहीत. घरातही टोपी घालून बसतात. माझे आजोबाही घरात टोपी घालत; पण त्या टोपीमागे गांधीजी होते, हिच्यामागे नुसतं कपाळ.

हा वारसा कुणाकडचा, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. सौभाग्यवतींनी पुरावा म्हणून नुसतं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. मी मात्र अभ्यास करून आलो होतो. टकलाशी संबंध असलेलं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. म्हणून मी दिवाणखान्यातल्या सासरेबुवांच्या हार घातलेल्या फोटोकडे आदरानं पाहिलं. त्यांच्या माथ्यावर फोटोग्राफरचा फ्लॅश अजून चमकतोय.

"बाकीची जनुकं दोन्हीकडून येतात, ते पान वाचलं नाहीत वाटतं?" ही म्हणाली. वाचलं होतं.

केसांच्या बाबतीत विज्ञानाचा इतिहासही तसा गमतीचा आहे. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथं केस उगवायला लागले, तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि 1988 साली अमेरिकेत ते टकलावर चोळायला मंजूर झालं. म्हणजे त्या लोकांना ब्लडप्रेशरपायी केस आले. आपल्याकडे केसांपायी ब्लडप्रेशर येतं. त्याआधी 1942 साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं, की ज्यांचं लहानपणीच खच्चीकरण झालेलं असतं त्यांना असलं टक्कल पडत नाही. खात्रीचा उपाय म्हणायचा तो एवढाच. पण अजून तरी कुणी मला तो कुठे करून मिळतो असं विचारलेलं नाही.

चिरंजीवांना हवी होती इंजेक्शनं. पी. आर. पी. म्हणतात. दंडातून थोडं रक्त काढतात, यंत्रात गरागरा फिरवतात, ताक घुसळल्यावर लोणी निघावं तसा प्लेटलेट असलेला भाग वेगळा करतात आणि तो डोक्यात टोचतात. (प्लेटलेट म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. डेंग्यूच्या साथीत पपईच्या पानांचा रस काढलेलं घर आहे आमचं.) या प्लेटलेटमधून वाढीला मदत करणारे पदार्थ सुटतात आणि ते मरगळलेल्या केसांच्या मुळांना जागं करतील अशी आशा असते. मी बी. कॉम. माणूस, मला हे लगेच समजलं. नावे दंड, जमा डोकं. त्याच शाखेतली ट्रान्स्फर एन्ट्री. बाहेरून एक पैसाही आलेला नाही, फक्त मधल्या माणसाचं कमिशन जातं.

कमिशन एका बैठकीचं सहा हजार. बैठका चार, महिन्याच्या अंतरानं.

"गॅरंटी किती?" मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर तरुण होते, पण सचोटीचे. म्हणाले, "काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. रक्त किती घ्यायचं, किती फिरवायचं, किती वेळा टोचायचं, याची एक ठरलेली पद्धत अजून नाही." मुळं जिवंत असतील तरच उपयोग, असंही म्हणाले आणि माझ्या डोक्याकडे पाहून सौजन्यानं विषय बदलला.

मग त्यांनी चाचण्या कशा करतात ते सांगितलं. काही ठिकाणी एकाच माणसाच्या अर्ध्या डोक्यात हे प्लेटलेट टोचतात आणि उरलेल्या अर्ध्यात मिठाचं पाणी. काही चाचण्यांत प्लेटलेटची बाजू सरस ठरली, काहींत दोन्ही बाजू सारख्याच. माझ्या डोळ्यांपुढे तो अर्धा गृहस्थ उभा राहिला. बिचारा भांग कुठे पाडत असेल? आणि न्हाव्याला पैसे पूर्ण देत असेल का?

मी हसलो. चिरंजीव हसले नाहीत. ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. कर्जाचा अर्ज घेऊन आलेली माणसं मॅनेजरकडे असंच बघतात. पंचवीस वर्षं मी ते काउंटरमागून पाहतोय. अशा वेळी व्याजाचा दर सांगायचा नसतो.

घराला रंग द्यायला चोवीस हजारांची रिकरिंग ठेव होती, ती मुदतीआधीच मोडली. भिंतींचे पोपडे पडतायत ते पडू देत. भिंतींना लग्न करायचं नाही.

पहिली बैठक झाली. आधी बधिर करणारं मलम लावतात, तरी काही सुया जाणवतातच. पाचव्या की सहाव्या सुईला चिरंजीवांनी माझा हात धरला. चौथीत असताना शाळेच्या फाटकाशी धरला होता, त्यानंतर आत्ताच. मी टोचण्या मोजायचं सोडून दिलं.

आता तीन-चार महिने तरी काही दिसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. आमच्या बचत खात्याचं व्याज बरं, असा त्याचा वेग. रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात, घाबरू नका, हेही सांगितलं. झालं! तेव्हापासून ही रोज सकाळी चिरंजीवांच्या उशीवरचे केस मोजते आणि चहाच्या वेळी मोठ्यानं आकडा जाहीर करते. सोमवारी एकतीस. मंगळवारी अठ्ठावीस. काल बावीस. चिरंजीव कपात बघत ऐकतात, आणि काल त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली.

आज मला लवकर जाग आली. ही उशीवर वाकून मोजत होती. मोजण्याआधी तिनं चिमूटभर केस उचलून पदराच्या टोकात बांधले.

चहाच्या वेळी तिनं एकोणीस सांगितले. मी पेपर जरा वर धरला आणि चिरंजीवांना म्हणालो, "सुधारणा आहे."