गटारातलं कोमट पाणी

दोन वर्षांपूर्वी २२ मार्चला, जागतिक जलदिनानिमित्त, कॉलेजात माझं भाषण झालं. दात घासताना नळ बंद ठेवा इथपासून राकसकोप-हिडकलपर्यंत सगळं बोलून झालं. टाळ्याही पडल्या. बाहेर पडताना बी.ए.ची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, तुमच्या दुकानाचं पाणी आमच्या दारातनं वाहत असतंय की. दिवसभर."

दुकान म्हणजे आमचं वडिलोपार्जित, दूध-दही-कुंद्याचं. थोरला भाऊ चालवतो. मागच्या कोल्डरूमचं यंत्र पाण्यानं थंड होणारं. खोलीतली उष्णता यंत्रातला वायू उचलतो, ती कंडेन्सरमध्ये पाण्याला देतो, आणि पाणी कोमट होऊन गटारात. लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून कधी दिसलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी घड्याळ आणि बादली घेऊन मागं गेलो. पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे तासाला १,३५० लिटर. कॉम्प्रेसर थांबला तरी पाणी वाहतच होतं, कारण कॉक सकाळी उघडायचा तो रात्रीच बंद व्हायचा. बारा तासांचे सोळा हजारांवर लिटर झाले. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण मी वर्गात शिकवतो. त्या हिशेबानं एकशेवीस माणसांचं पाणी.

दादाला सांगितलं तर तो उखडला. "बोअर आपली, वीज आपली. कुणाचं घेतलंय?" आठवडाभर आमचं नीट बोलणं नव्हतं. एप्रिलात शेजारच्या काकूंच्या आडाचा तळ दिसू लागला. आमची बोअरच त्याला कारण, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दादानं आडात वाकून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मेस्त्रीला फोन केला.

मेस्त्रीनं आधी पाण्याच्या नळीवर एक व्हॉल्व्ह बसवला. वायूचा दाब वाढेल तसा तो उघडतो, यंत्र थांबलं की मिटतो. एवढ्यानंच वाहणारं पाणी बरंच घटलं. मग गच्चीवर छोटा कूलिंग टॉवर आला. निम्मा खर्च मी दिला, भाषणाची भरपाई म्हणून! कोमट पाणी वर जातं, पंख्याच्या वाऱ्यात त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं, उरलेलं गार होऊन पुन्हा खाली येतं. माठाचंच तत्त्व. लिटरभर पाणी आठ अंशांनी तापलं तर आठ किलोकॅलरी उष्णता नेतं. तेच लिटर वाफ झालं तर सुमारे ५८० नेतं. आता यंत्र चालू असताना तासाला तीसेक लिटर पाणी लागतं.

इथं माझा शहाणपणा नडला. टॉवरच्या तळातून एक बारीक धार सतत बाहेर सोडलेली होती. ही कशाला, म्हणून मी ती बंद केली. वाफ होताना क्षार मागं राहतात, पाणी दिवसेंदिवस जड होत जातं, हे मला कोण सांगणार? आमच्या बोअरचं पाणी मुळातच जड. पुढच्या उन्हाळ्यात कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा खवला धरला, दाब चढला, विजेचं बिल चढलं. एका दुपारी यंत्र बंदच पडलं आणि वीस लिटर दूध नासलं. नळ्या साफ करताना मेस्त्री म्हणाला, "सर, काटकसर करा, पण ती धार सोडून." ती धार आता बादलीत पडते आणि मागची फरशी धुवायला वापरतो. झाडांना घालत नाही, खारट असते. बॉलकॉक अडकला की टाकी रात्रभर वाहते, तेही एकदा झालं. म्हणून दादा हल्ली शटर उघडायच्या आधी गच्चीवर चक्कर मारतो.

परवा कोपऱ्यावरची फुलवाली त्याला विचारत होती, "मालक, पाणी का बंद केलासा? सकाळी हातपाय धुवायला बरं पडायचं." दादानं तिला आत बोलावून नळ दाखवला.